पंचवीस मिनिटांत भरलेली किटबॅग: एका जवानाच्या कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

किटबॅग मी त्या जवानाच्या बायकोला माझ्या टेबलावरच रिकामी करायला सांगितली. १४ मे २०२५, नांदेड, दुपारचे बारा, बाहेर अवकाळीचे ढग दाटलेले. एकेक वस्तू निघत गेली. दोन लेकरांचे कपडे, मुलीचं शाळेचं ओळखपत्र निळ्या दोरीसकट, नवऱ्याची हिरवी लोकरी जर्सी (मे महिन्यात!), बेसनाचं फुटलेलं पाकीट, स्टीलचा डबा, आणि एका स्वच्छ रुमालात गुंडाळलेला देवघरातला खंडोबाचा टाक. कागद म्हणून निघाले ते तीनच: तिचं आधार कार्ड, कँटीनचं कार्ड आणि गॅसचं पुस्तक.

"गॅसचं पुस्तक कशाला आणलंत ताई?"

"दाराच्या मागं खिळ्याला तेच लटकत होतं, सर."

मी फौजेत चोवीस वर्षं क्लार्क होतो. गोळी कधी चालवली म्हणाल तर फायरिंग रेंजवर. बाकी सगळी नोकरी पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या घरच्या नोंदींचे सैन्याचे कागद), रजा, रेल्वे प्रवासाची वॉरंटं आणि फॅमिली अकोमोडेशनच्या अर्जांमध्ये गेली. निवृत्तीनंतर नांदेडात जवानांच्या घरच्यांचे कागद लावून देतो. पेन्शन अडली, नावात चूक झाली, मुलाचं नाव चढलं नाही, असली कामं. या बाईंचं प्रकरण त्यातलंच एक म्हणून आलं होतं. पण ती बॅग पाहिल्यावर मी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि पुढचे चार महिने ते प्रकरण माझ्याकडेच राहिलं. खाली लिहिलंय ते तिच्या, तिच्या सासऱ्यांच्या आणि नंतर रजेवर आलेल्या नवऱ्याच्या सांगण्यावरून. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. तिने वाचून होकार दिला आहे.

कुटुंब कंधार तालुक्यातलं. साडेतीन एकर कोरडवाहू. नवरा फौजेत नायक या हुद्द्यावर, बारा वर्षं सर्व्हिस. बायको बारावी पास, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा, त्याला दम्याचा त्रास. पठाणकोटच्या पट्ट्यातल्या एका छावणीत फॅमिली क्वार्टर मिळून चौदा महिने झाले होते. लग्नानंतर दहा वर्षांनी पहिल्यांदा नवराबायको एका छपराखाली राहत होते, हे विसरून चालणार नाही. अशा घरात "कधी निघावं लागलं तर" हा विषय कुणी काढत नाही. काढला तर अपशकुन वाटतो.

२२ एप्रिलला पहलगाम झालं. पाच दिवसांत नवऱ्याचं युनिट पुढे सरकलं. जाताना तो म्हणाला, "फोन बंद राहील, घाबरू नको." हे तो दर एक्सरसाइजला म्हणायचा, त्यामुळे ती घाबरली नाही. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं, त्याच दिवशी देशभर २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांमध्ये मॉक ड्रिल ठेवलेली होती, आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरचं नावही यादीत होतं. गावाकडून सासऱ्यांचा फोन आला की इकडे भोंगे वाजवून बघायलेत, तिकडे काय? तिकडे भोंगे खरे होते.

युनिटच्या मागे राहिलेल्या माणसांनी त्यांच्याकडून काहीच कमी केलं नाही, हे आधी सांगतो. खिडक्यांना काळे कागद लावून घेतले, क्वार्टरमागे चर खणून ठेवले, कुठल्या क्वार्टरमध्ये किती लेकरं, कुणाला औषध चालू आहे, याची यादी सुभेदार साहेबांच्या खिशात होती. ८ तारखेच्या रात्री जम्मू, पठाणकोट, उधमपूर या भागावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं आली. तीच ती रात्र, जेव्हा धरमशाळेतला आयपीएलचा सामना मध्येच थांबवला आणि दुसऱ्या दिवशी खेळाडूंना जालंधरहून खास वंदे भारतने दिल्लीला नेलं. त्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. ती रात्र या बाईने दोन लेकरांना घेऊन चरात काढली. मुलगा खोकत होता आणि शेजारची एक नवी नवरी त्याच्या तोंडावर हात ठेवत होती, जणू विमानाला आवाज ऐकू जाणार आहे.

९ मेला सकाळी साडेअकराला निरोप आला: ज्या फॅमिलीला घरी जायचं आहे त्यांनी बारा वाजता गाडीजवळ यावं, एक बॅग, जास्त सामान नको. निरोप तिच्या दारापर्यंत यायला पाच मिनिटं गेली. उरली पंचवीस.

त्या पंचवीस मिनिटांत काय झालं ते तिने मला जसं सांगितलं तसं लिहितो, कारण माझ्या मते अख्खं प्रकरण त्यातच आहे. पहिली सहा-सात मिनिटं ती नवऱ्याला फोन लावत राहिली. जायचं की थांबायचं हे तिला त्याला विचारायचं होतं. फोन बंद. मग तिने देवघराकडे पाहिलं आणि टाक उचलला. मग लेकरांचे कपडे. मग वाटेत खायला म्हणून कढईत पीठ भाजायला घेतलं, ते अर्धवट राहिलं, गॅस बंद केला की नाही हे बघायला पुन्हा आत गेली. लोखंडी पेटीत लग्नाचं प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले, पासबुकं, मुलाच्या दम्याची एमआय रूमची (छावणीतल्या दवाखान्याची) वही हे सगळं होतं. पेटीला कुलूप होतं. किल्ली सापडली. पेटीवर दोन गाद्या आणि कूलरचा खोका होता. गाडीचा हॉर्न वाजला. किल्ली तिच्या पर्समध्ये नांदेडपर्यंत आली, पेटी पठाणकोटला राहिली.

मोबाइलचा चार्जरही भिंतीत राहिला.

पुढचा प्रवास थोडक्यात. रेल्वेने त्या दिवशी जम्मू आणि उधमपूरहून दिल्लीसाठी खास गाड्या सोडल्या होत्या. त्यातली एक पठाणकोट कँटला मिळाली, दारात उभं राहण्यापुरती जागा. दुपारी तीनच्या सुमारास फोनने मान टाकली. रात्री उशिरा नवी दिल्ली. पर्समध्ये सहाशे रुपये आणि तिच्या खात्यात अकराशे चाळीस, पण ते खातं बंद पडलेल्या फोनमध्ये. रात्र प्लॅटफॉर्मवर. सकाळी सातला रेल्वे पोलिसातल्या एका मुलीने स्वतःचा चार्जर वीस मिनिटं दिला, तेव्हा गावाला पहिला फोन गेला. दुपारी सचखंड. अमृतसरहून नांदेडला येणारी ही गाडी आपल्याकडे शीख यात्रेकरूंची म्हणून ओळखतात, पण पंजाबात आणि जम्मूत नोकरी करणाऱ्या मराठवाड्यातल्या जवानांचीही तीच गाडी आहे. सुट्टीला येताना मीही वर्षानुवर्षं तिनेच आलो. जनरल डब्यात हुजूर साहिबला निघालेल्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी मुलाला मांडीवर झोपवलं. वाटेत काही स्टेशनांवर लंगरवाले डब्याडब्यात जेवण देतात, म्हणून लेकरं उपाशी राहिली नाहीत. संध्याकाळी कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवलं की पाच वाजल्यापासून युद्धविराम झाला. डब्यात टाळ्या वाजल्या. ती म्हणाली, "मला रडू आलं सर. म्हटलं, मग मी उगंच निघाले का?"

उगंच नव्हती निघाली. याकडे पुन्हा येतो.

आता गावाकडचे सोळा तास. ९ मेच्या दुपारी तीनपासून १० मेच्या सकाळी सातपर्यंत तिचा फोन बंद, नवऱ्याचा आधीपासून बंद. घरात टीव्ही चालू. त्या दोन रात्री टीव्हीवर जे काही चाललं होतं त्यावर मी बोलत नाही, तुम्हीही पाहिलंय. आत्याबाईंनी, म्हणजे सासूने, ताटाला हात लावला नाही. मामा, म्हणजे सासरे, रात्री दहाला गावातल्या एकाच्या मोटारसायकलवर पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदाराने विचारलं, मुलगा कुठं असतो? मामांनी खिशातून जुन्या पत्राची घडी काढली. त्यावर नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली "द्वारा ५६ एपीओ".

फौजेतल्या माणसाला हे वाचूनच कळलं असेल. ५६ एपीओ हे गाव नाही. ते सैन्याच्या टपालाचं ठिकाण आहे, वेगवेगळ्या ठिकाणच्या जवानांना पत्ता तोच, मुद्दामच तसा. पत्र पोचतं, माणूस कुठे आहे ते कळत नाही. सुरक्षिततेसाठी हे बरोबरच आहे. पण मामांना वाटत होतं की आपल्याकडे पोराचा पत्ता आहे. युनिटच्या मागच्या ऑफिसचा, सुभेदार साहेबांचा, शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईचा, असा एकही नंबर त्या घरात नव्हता. सुनेच्या फोनमध्ये तिन्ही होते.

तिला स्वतःला किती नंबर पाठ होते, हे मी विचारलं. एक. नवऱ्याचा.

तिसऱ्या भेटीत मी एक कागद घेतला आणि डावीकडे त्या आठवड्यात तिला लागलेल्या गोष्टी लिहिल्या, उजवीकडे त्या कुणाच्या हातात होत्या ते. रेल्वेचं तिकीट काढायचं खातं नवऱ्याच्या नावाचं, ओटीपी त्याच्या फोनवर. गॅसची नोंदणी त्याच्या नंबरवर. मुलीच्या शाळेचे मेसेज त्याच्या नंबरवर. डिजिलॉकर उघडावं म्हटलं, तर तिच्या स्वतःच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबरसुद्धा त्याचाच. तिचं सिम त्याच्या नावावर. म्हणजे एक माणूस हुकुमाप्रमाणे फोन बंद करून पुढे गेला आणि त्याच्या मागे एका बाईचं सगळं जगणं कुलूपबंद झालं, त्याला कळायच्याही आधी.

आणि एटीएम कार्ड? ते पठाणकोटला नव्हतंच. नवऱ्याच्या खिशातही नव्हतं. ते कंधारला, मामांच्या बंडीच्या खिशात. पगार जमा झाला की मामा तालुक्याला जाऊन काढणार, पीककर्जाचा हप्ता, बी-बियाणं, धाकट्या दिराची फी भागवणार. सुनेला घरखर्चाचे दोन-तीन हजार नवरा दर आठवड्याला फोनवरून पाठवायचा. हे माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत असंच आहे, यात कुणाची लबाडी नाही. पोरगं भरती झालं तेव्हा अविवाहित होतं, कार्ड बापाकडे आलं, लग्न झालं, दोन लेकरं झाली, कार्ड तिथेच राहिलं. शांततेच्या दिवसांत ही व्यवस्था बिनबोभाट चालते. २७ एप्रिलला नवऱ्याचा फोन बंद झाला तेव्हापासून ९ मेपर्यंत ती जुन्या शिलकीवर आणि कँटीनच्या किराण्यावर घर चालवत होती, आणि हे तिने गावाला कळवलं नव्हतं. "मामांना पैसे मागायचे कसे?"

परदेशात फॅमिली घेऊन राहणाऱ्या सैन्यांचा या बाबतीतला अनुभव मोठा आहे. आपला जवान परदेशी जातो तो बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर, तिथे फॅमिली नसते. दूतावासांतली मोजकी पदं सोडली तर आपल्याला हा प्रश्न सहसा सीमेवरच्या छावण्यांमध्ये भेटतो. अमेरिकेचे सुमारे २८,५०० सैनिक दक्षिण कोरियात आहेत, त्यातल्या पुष्कळांची बायकामुलं तिथेच. वर्षातून दोनदा त्यांची निघण्याची रंगीत तालीम होते. बाई लेकरांना आणि बॅगेला घेऊन ठरलेल्या जागी जाते, तिची फाइल उघडून तपासतात, मनगटाला पट्टी बांधून ती स्कॅन करतात, म्हणजे कोण कुठवर पोचलं याची नोंद राहते. २०१६ च्या तालमीत तर काही कुटुंबांना खरोखर जपानपर्यंत विमानाने नेऊन आणलं. हे सगळं आपण उचलावं असं मी म्हणणार नाही. त्यांना समुद्र ओलांडायचा आहे, आपल्याला पठाणकोट कँटहून गाडी मिळते. पण त्या फाइलमधला एक कागद मला हवा आहे: नवरा नसताना बायकोला पैशाचे, मुलांचे, सामानाचे निर्णय घेता येतील असं आधीच सही करून ठेवलेलं मुखत्यारपत्र.

त्यांच्याकडचा एक फजितीचा किस्साही इथे लागू पडतो. सप्टेंबर २०१७ मध्ये कोरियातल्या अमेरिकन कुटुंबांच्या मोबाइलवर "देश सोडा" असे खोटे मेसेज आले. सैन्याला जाहीर करावं लागलं की आम्ही असं काही पाठवलेलं नाही. ज्यांना खरा निरोप कुणाकडून आणि कसा येतो हे तालमीमुळे माहीत होतं, त्यांच्याकडे तो मेसेज पारखायला काहीतरी होतं. कंधारच्या त्या घरात ९ तारखेच्या रात्री आलेल्या तीन फॉरवर्डांपैकी एकात छावणी उडवल्याचं लिहिलं होतं. पारखायला काही नव्हतं.

आणि "उगंच निघाले का?" या प्रश्नाबद्दल. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्समध्ये पिनाटुबो ज्वालामुखी खदखदत होता, तेव्हा क्लार्क हवाई तळावरच्या अमेरिकनांना, फॅमिलीसकट सुमारे १५,००० माणसांना, १० तारखेला आपापल्या गाड्यांनी सुबिकच्या नाविक तळाकडे पाठवलं. त्या दिवशी डोंगराचा मोठा उद्रेक झालेला नव्हता. तो झाला १५ जूनला. तो झाला नसता तर त्या पंधरा हजारांनाही कुणीतरी हसलं असतं. या बाईंना हसणारी भेटलीच: शेजारच्या क्वार्टरमधली, जी थांबली आणि ११ तारखेला फोनवर म्हणाली, "देखो, कुछ नहीं हुआ, आप बेकार में भागीं." थांबणारी चुकली असं मला म्हणायचं नाही. तिला दमेकरी पोर नव्हतं. ९ मेच्या सकाळी साडेअकराला दोघींपैकी कुणालाही १० मेची संध्याकाळ दिसत नव्हती, एवढंच.

नांदेडला आल्यावरच्या अडचणींपैकी शाळेची मला सर्वात मोठी वाटत होती, ती सर्वात सोपी निघाली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. गावातल्या झेडपी शाळेच्या हेडमास्तरांना तो कायदा माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. जूनमध्ये पोरगी वर्गात बसली. मुलाच्या औषधाने मात्र घाम काढला. पंपाचं नाव तिला "निळा" एवढंच माहीत होतं, पंप १३ तारखेला संपला होता, वही पेटीत. शेवटी छावणीतल्या त्याच हसणाऱ्या शेजारणीने एमआय रूममधून नाव लिहून आणलं आणि फोटो पाठवला. माणसांवर इतक्या लवकर शिक्का मारू नये, हे मी माझ्यासाठी लिहून ठेवलं.

पोळ्याला नवरा रजेवर आला. बैल गेल्या वर्षी विकले होते, तरी मामांनी मातीच्या बैलांना झूल चढवली होती. जेवणानंतर ओसरीवर बसून मी तो डावा-उजवा कागद पुढे ठेवला. नायकाने दोनदा वाचला. मग जे म्हणाला ते मला अपेक्षितच होतं: "सर, मुखत्यारपत्र म्हणजे... उद्या काही उलटंपालटं झालं तर?" सुमारे दहा मिनिटं कुणी बोललं नाही. आत भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे ती ऐकत होती.

मी त्याला फौजेतलाच दाखला दिला. तुझ्या सेक्शनमध्ये तू पडलास तर पुढची कमांड कुणाची, हे ठरलेलं असतं की नाही? तेव्हा तू म्हणतोस का की उद्या त्याने उलटंपालटं केलं तर? तो हसला, पण सही केली नाही. सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र बारगळलं. त्याऐवजी ठरलं ते असं: तिच्या नावाच्या खात्यात दर महिन्याच्या दोन तारखेला पगारातून आठ हजार आपोआप वळते होणार, त्या खात्याचं कार्ड तिच्याकडे, तिचं सिम तिच्या नावावर, आधारला तिचाच नंबर, आणि मर्यादित मुखत्यारपत्र, फक्त मुलांची शाळा, दवाखाना आणि क्वार्टरमधल्या सामानापुरतं. मामांचं कार्ड मामांकडेच राहिलं. त्यावर हात घातला असता तर बाकीचं काहीच झालं नसतं. मामा उठताना एवढंच म्हणाले, "मला वाटलं, तिला लागलं तर ती मागंल." आत्याबाई दारातून म्हणाल्या, "तुम्ही कधी मागू दिलंत?"

कागदांची फाइल तिने स्वतः लावली. मी फक्त क्रम सांगितला: वर आधार आणि डिपेंडंट कार्ड, मग जन्मदाखले, मग पार्ट टू ऑर्डरच्या प्रती (लग्न आणि मुलांच्या जन्माची नोंद सैन्याच्या दप्तरी झाल्याचा पुरावा तोच), मग बँक, मग औषधाची वही. मूळ कागद एका पिशवीत, झेरॉक्सचा एक संच गावी आत्याबाईंच्या ट्रंकेत. नंबरांचा कागद दोन्हीकडे, हाताने लिहिलेला. त्यात युनिटच्या मागच्या ऑफिसचा, सुभेदार साहेबांचा, शेजारणीचा, मामांचा, माझा आणि नांदेडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर आहे. गावच्या कागदावर छावणीचं नाव लिहायचं नाही, हे मी दोनदा सांगितलं.

रजेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही एक तालीमही केली, गावच्या घरातच. मी घड्याळ लावलं, पंचवीस मिनिटं. पोरीला फार मजा आली. पहिल्या वेळी सत्तावीस लागली कारण आत्याबाई मध्येच धपाटे बांधून द्यायला लागल्या. दुसऱ्या वेळी एकोणीस. धपाटे मी यादीत राहू दिले. दोन दिवस टिकतात आणि लेकरं खातात, बिस्किटापेक्षा कधीही बरे. टाकही यादीत आहे. तो काढून टाका असं सांगायची माझी हिंमत नाही, आणि त्याला जागा लागते किती?

दिवाळीनंतर ती लेकरांना घेऊन परत गेली. डिसेंबरात तिने क्वार्टरचा फोटो पाठवला: दाराच्या मागे त्याच खिळ्याला किटबॅग, तिच्या बंदाला नाडीने बांधलेला जास्तीचा चार्जर. गॅसचं पुस्तक दुसरीकडे गेलंय. पेटी आता पलंगाखाली आहे, वर काही नाही.

फाइल लावताना एक जुनी चूक सापडली. मुलीची जन्मतारीख ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर १२ आणि सैन्याच्या दप्तरी २१ आहे. दुरुस्तीचा अर्ज युनिटमार्फत गेलाय. पहिल्या अर्जाला दाखल्याची साक्षांकित प्रत जोडायची राहिली होती म्हणून परत आला, चूक माझीच, चोवीस वर्षं क्लार्क असून. दुसरा मागच्या महिन्यात पाठवलाय.